अंजना विसरली, त्यानंतर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. फ्रीमाँट, मुलाच्या घरी

अंजना आज येशूचं नाव विसरली.

माझं, नवऱ्याचं, नाव डिसेंबरातच गेलं होतं. प्रसन्नचं, पोटच्या पोराचं, नाताळानंतर गेलं. तेव्हा मी मन घट्ट केलं. माणसांची नावं आहेत, जायचीच. पण आज जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटले आणि ती म्हणाली, "कुणाला हाक मारायची?" मी सांगितलं. तिने ते नाव एकदा हळू म्हणून पाहिलं — परक्या गावाचं नाव म्हणावं तसं. मग विचारलं, "कुठले ते?"



५ फेब्रुवारी, बुधवार

विश्वासाने तारण होतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो. विश्वास म्हणजे मनात धरून ठेवणं. जिच्या मनात काही टिकतच नाही तिने काय धरायचं?

बरं, कृत्यांवर जावं — तर तिच्याइतकी कृत्यं आमच्या गावच्या चर्चमध्ये कुणाचीच नसतील. मिशनच्या दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात आयुष्य काढलं. ज्यांच्याजवळ घरचे बसत नव्हते त्यांना पेज भरवली. पण ते तेव्हाचं. आता ती ताटली भिरकावते. काल सुनेला, प्रीताला, चावली. प्रीता बिचारी हात नळाखाली धरून म्हणत होती, "इट्स ओके मम्मी, इट्स ओके."

विश्वास गेला, कृत्यंही गेली. मग स्वर्गाच्या दारात उभी राहून ती काय दाखवणार?

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. भरली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, फरक निघेल तेवढा ऊस. माझ्या डोक्यातला देवही तसाच काट्याशी बसलेला आहे. कितीही उठवला तरी उठत नाही.

७ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी चहाबरोबर तिला विचारायला लागलो आहे. "तुझा तारणारा कोण?"

काल तिने प्रसन्नकडे बोट दाखवलं. परवा म्हणाली, "तुम्हीच सांगा." आज वैतागली. "रोज रोज काय विचारता? तुम्हालाच माहीत नाही वाटतं."

मी कप उचलून आत गेलो.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मराठी उपासना. आपले लोक इथल्या एका चर्चचा हॉल भाड्याने घेतात. पाळक विवेक आठवडाभर सांता क्लाराला कंपनीत असतो, रविवारी उपदेश करतो. वयाने प्रसन्नपेक्षा लहान. उपासनेनंतर त्याला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं.

म्हणाला, "काका, तुम्हाला काय वाटतं, देवाने पासवर्ड ठेवलाय? काकू विसरल्या की लॉगआउट?"

मला हसू आलं नाही. त्याच्याही ते लक्षात आलं. मग खुर्ची ओढून बसला. म्हणाला, कृपा म्हणजे आपण कमावत नाही ते. विश्वासही आपण कमावलेला नाही, तोही दिलेलाच आहे. मी म्हटलं, "आणि दिलेलं हातातून पडलं तर?" तो म्हणाला, "काका, मला तेवढं शिकवलं नाही. पण काकूंना पुढच्या प्रभुभोजनाला आणा."

ते तर जास्तच अवघड. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे प्रभूचं शरीर; ते न ओळखता ती खाऊ नये, असं आम्हाला काठी दाखवून शिकवलेलं. तिला आणायचं आणि तिच्या हातून वर ते पापही घडवायचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

उपाय सापडला!

प्रसन्नच्या घराजवळच्या चर्चमध्ये दर मंगळवारी फूड पँट्री असते, गरजूंना किराणा वाटतात. कुणीही जाऊन मदत करू शकतो. दारात एक कागदी चिकटपट्टी देतात, त्यावर नाव लिहून छातीला लावायची. मी लिहिलं — अंजना.

तिला जमत नाही तर मी करेन. तिच्या नावावर. कांदे निवडून पिशव्यांत भरले. तिथल्या मुख्य बाई जाता जाता म्हणाल्या, "थँक यू, अंजना!" सगळे तेच म्हणाले. इथे कुणाला कळतंय, नाव बाईचं की बाप्याचं. प्रत्येक थँक यू सरळ वर जात असल्यासारखं वाटलं. पाठ दुखली पण झोप लागली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पकडला गेलो. बटाट्यांच्या टेबलावर एक गृहस्थ होते, पांढऱ्या मिशा. माझी छाती वाचून मराठीतच म्हणाले, "काय भाऊ, अंजनाबाई कधीपासून झालात?"

भानुदास नाव. नागपूरचे, बौद्ध. मुलाकडे आलेत, मुलगा बुद्धभूषण इथेच इंजिनियर. पोटभर हसले. मग मी सगळं सांगितलं, का सांगितलं कोण जाणे. ते बटाटे घासता घासता ऐकत राहिले.

"आमच्यात बाहेरून कुणी तारणारा नाही," म्हणाले. "ज्याचं त्याने करायचं. तुम्ही कांदे भरले तर ते तुम्हीच भरले. वहिनींच्या नावाने कसे लागतील?"

माझा चेहरा पडला असावा. कारण पुढे म्हणाले, "पण आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. त्याने जे चांगलं केलं ते आठवायचं, त्यात आनंद मानायचा. नवीन काही भरायचं नाही. वहिनींनी त्या वॉर्डात केलं ते झालं ना? त्या विसरल्या म्हणून ते झालं नाही, असं होतं का?"

"आणि विश्वास?"

"ते तुमचं डिपार्टमेंट," म्हणाले, आणि बटाट्याची क्रेट माझ्याकडे सरकवली.

२१ फेब्रुवारी

पाऊस नाही, ऊनही नाही. तारणारा कोण, ते तिला आज विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे नीट लिहून ठेवतो.

दुकानातून परत येताना मोठा रस्ता लागतो. सहा लेन. मी तिला नेहमी सांगतो, माझं बोट घट्ट धर, सोडू नकोस. आज अर्ध्या रस्त्यात तिची बोटं सुटली. तिला पलीकडे कुणाचं तरी कुत्रं दिसलं आणि ती सगळं विसरली — रस्ता, गाड्या, मला. हात ढिला पडला. एक गाडी वळणावर येऊन थांबलेली.

पण ती सुटली नाही. मी तिचं मनगट धरलं होतं. मी नेहमी मनगटच धरतो. धर धर म्हणून तिला सांगतो ते उगीच, तिचं मन रमावं म्हणून. तिच्या धरण्यावर मी तिला कधी रस्ता ओलांडू दिला असता का? मी वेडा आहे का?

पलीकडे पोचलो आणि मी फूटपाथवर उभाच राहिलो.  भीतीने नाही. मी, मनोहर, सातवी शिकलेला म्हातारा, मला एवढं कळतं. आणि देवाला कळत नसेल?

लोक बाजूने जात होते. ती म्हणाली, "चला की, काय झालं?"   देव धरून ठेवतो हे इतकी वर्षं ऐकलं आणि आज पहिल्यांदा अंगावर काटा आला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चिकटपट्टीवर आज माझं नाव लिहिलं. मुख्य बाईंनी विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टु अंजना?" भानुदास पलीकडून म्हणाले, "शी रिटायर्ड." बाई हसल्या, कळलं काहीच नाही.

पण एक जाणवलं. कांदे तेच, पिशव्या त्याच. आज कुणाच्या नावावर काही जमा करायचं नव्हतं, तरी थांबावंसं वाटेना. एका मेक्सिकन आजीला पिशवी दिली तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. मागच्या वेळी असं कुणी केलं असतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

१ मार्च, शनिवार

उद्या प्रभुभोजन. तिला न्यायचं ठरवलं. तरी मनात हिशेब चालूच आहे. माझा स्वभाव कुठे जाणार.

२ मार्च, रविवार

इथे ब्रेड नसतो. शोभाकाकू घरून ज्वारीची भाकरी करून आणतात, तिचे लहान तुकडे करतात. बसल्या जागी ताट फिरतं. अंजना माझ्या डाव्या हाताला, शांत होती. विवेकने प्रार्थना केली. ताट आलं. मी तिला म्हटलं, "घे." तिने तुकडा उचलला.

खाल्ला नाही. तळहातावर ठेवून बघत राहिली.  वाटलं, आता फेकणार. सगळ्यांसमोर. प्रभूचं शरीर.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच. पण फार काळजीने पाहिलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या आधी. तुमचं तोंड सुकलंय. जेवला नाहीत ना?" आणि तो तुकडा माझ्या तोंडाशी धरला. दुसरा हात हनुवटीखाली, सांडू नये म्हणून. वॉर्डात भरवायची तसाच.

मी तोंड उघडलं.

तिला येशूचं नाव माहीत नव्हतं. आपण चांगलं काही करतोय हेही तिला माहीत नव्हतं. मग हे कुठून आलं? विश्वास म्हणावा तर तिला आठवत नाही, सत्कृत्य म्हणावं तर तिला कळत नाही. मग तिच्यात बसून मला भरवलं कुणी?

आयुष्यभर मी प्रभुभोजनाला काहीतरी घेऊन गेलो. केलेलं, राहिलेलं, फेडलेलं. आज रिकाम्या हाताने, लहान पोरासारखं तोंड उघडून खाल्लं. काट्याशी कुणीच नव्हतं. तोंड ज्वारीच्या चवीने भरून गेलं होतं.

विवेक ताट घेऊन मागे आला. वाकून तिला दुसरा तुकडा दिला. तो तिने खाल्ला. म्हणाली, "मीठ कमी आहे." शोभाकाकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी घालते हो, अंजनाताई."

८ मार्च

प्रसन्न म्हणाला, "पप्पा, गुरुवारी मम्मीच्या अपॉइंटमेंटला डॉक्टर तुम्हालाही बघणार आहेत. रूटीन आहे." रूटीन म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी मला स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. मला ते बरोबर वाटलं. प्रसन्नने तोंड फिरवलं.

सुरुवात आहे म्हणाले. मलाही तेच.

घरी आल्यावर अंजनाच्या शेजारी बसलो. तिला म्हटलं, "मीही विसरणार आहे. सगळं. येशूचं नावसुद्धा."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं. चला मग."