पोचल्याची रिंग

मंगळवार, १२ फेब्रुवारी
सकाळच्या बातम्यांत शेवटी शेवटी सांगितलं. राष्ट्राध्यक्षाला गोळी घातली. आमची मीरा पाण्याचे पंप बसवायला गेली आहे त्या देशाच्या. मारणारा त्याच्याच पहाऱ्यातला. इतकी वर्षं यादवी चाललेली, ती या माणसाने थांबवली. युद्धात वाचला, तहात मेला. दौरा मीराच्याच जिल्ह्यात होता.
तिचा फोन लागत नाही.

गुरुवार, १४
सरकारी हेल्पलाइन. आधी संगीत, मग एक गोड पोरगी. तिकडच्या सगळ्या लाइन्स बंद आहेत म्हणे.
फ्रिजवर मीराने पाठवलेला फोटो. तिच्या पंपाचं पाणी तो राष्ट्राध्यक्ष ओंजळीने पितोय, शेजारी ही हसतेय. सुधाने काढून ड्रॉवरमध्ये टाकला. मी परत लावला.
हीथ्रोवर म्हणाली होती, "बाबा, युद्ध संपला आता. तू उगाच भितो." इथेच जन्मलेली, तिचं मराठी असंच. सुधारायचं राहून गेलं.

रविवार, १७
रविवार मीराचा. तिने एक रिंग द्यायची आणि फोन ठेवायचा, आपण उचलायचा नाही. म्हणजे सुखरूप. आमच्या पिढीची चिक्कू सवय, पोरीनेही उचलली.
दुपारी जोशी नवराबायको बेसिंगस्टोकहून येऊन गेले. नाना जोशी धीर द्यायला आला आणि घरांच्या किमतींवर बोलत बसला. बरं वाटलं. चहा घेऊन निघाले.
दिवेलागणीनंतर फोन वाजला. एक रिंग. थांबला.
सुधाने देवापुढे साखर ठेवली आणि मोठ्याने रडली. मीही रडलो. १४७१ लावला की शेवटचा फोन कुठल्या नंबरवरून आला ते सांगतात; लावून बघावं, असं मनात आलं. लावला नाही.

सोमवार, १८
शिरा केला सुधाने. पुण्याला आक्काला कळवलं, इथे एजवेअरमध्ये तर ओळखीचं कुणी सोडलं नाही. किती दिवसांनी नीट जेवली.

मंगळवार, १९
नानाचा फोन. सुधा अंघोळीला गेलेली. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "परवा एम-२५वर ट्रॅफिकमध्ये अडकलो रे, पार अंधार पडला घरी यायला. वहिनींनी बजावलं होतं, म्हणून पोचल्याची रिंग दिली. मिळाली ना?"
"मिळाली," म्हटलं.
दारात म्हणाली होती खरी सुधा. सगळ्यांनाच म्हणते, पोचलात की रिंग द्या. तोंडात बसलंय. तिच्या लक्षातही नसेल. माझ्याही नव्हतं.

शुक्रवार, २२
सुधाला सांगितलेलं नाही.
हेल्पलाइनवर म्हणतात, तिचं नाव यादीत नाही. कुठल्या यादीत, विचारलं. कुठल्याच नाही, सर.
टीव्हीवर तिकडे पुन्हा बंदुका. एक माणूस मेला आणि सगळा देश परत होता तिथे. सुधा म्हणते, कशाला बघत बसता, ती आहे ना सुखरूप. मला तिचा हेवा वाटतो. रागही येतो. माझ्यापुरती पोरगी परत हरवली, आणि या खेपेला मी एकटाच…

रविवार, २४
सकाळपासून सुधा फोनशेजारी खुर्ची घेऊन. आज रिंग येणार म्हणते. नाही आली तर तिचं काय होईल, मला बघवणार नाही.
दूध आणतो सांगून बाहेर पडलो. स्टेशनबाहेरच्या फोन बॉक्समध्ये नाणं टाकलं आणि घरचाच नंबर फिरवला. एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा, एवढंच करायचं होतं.
एंगेज्ड.
जरा थांबून परत लावला. एंगेज्ड.
रविवारी सुधा स्वतः फोनला हात लावत नाही, मलाही लावू देत नाही. म्हणजे बाहेरून कुणाचा तरी आला, एका रिंगने थांबला नाही, आणि तिने उचलला.
डायरी कोटातच होती. बाकावर बसून लिहितोय. घर ते काय, समोरच्या वळणावर. पाय उचलत नाही.