केवळ बाह्य उपयोगासाठी

६ एप्रिल, रविवार

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट गेल्या उन्हाळ्यापासून रिकामी राहते. कारण उघड आहे. अकाउंट्समधील वरिष्ठ माणसाशेजारी बसण्यास लोक कचरतात. दांडा धरून लोंबकळतील, पण बसणार नाहीत. इतका दरारा बरा नव्हे. परंतु उपाय नाही.

पत्नीने, रंजीताने, आज निराळेच कारण सुचवले. म्हणाली, "अहो, घामाचा वास येते तुमचा. दिव्यानीच्या साक्षगंधात व्याही गळाभेट घेतीन, तवा कसं करसान?"

मी स्वतःस हुंगून पाहिले. काहीही नाही. सर्दी जुनी असली तरी नाक माझेच आहे. रंजीताच्या डोक्यात हे कोणी भरवले, याचा शोध घेणे आवश्यक.

७ एप्रिल

साक्षगंध, म्हणजे आमच्या दिव्यानीचा साखरपुडा, चार मे रोजी, चामोर्शीला, मुलाच्या अंगणात. मुलगा प्रणित, बँकेत नोकरी, दिव्यानीच्या पसंतीचा. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि प्रणितची आई गोकुळाबाई तिथल्या महिला संघटनेची अध्यक्ष. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः काठीने भट्टीची मडकी फोडली म्हणे. मुलगी देण्यास याहून योग्य घर नाही. मीही आयुष्यात थेंब घेतलेला नाही. समानशील माणसे.

तरीही खबरदारी म्हणून डिओडोरंट वापरण्याचे ठरवले. स्वतःसाठी नव्हे, रंजीताच्या समाधानासाठी.

८ एप्रिल

दुकानातील डिओची लेबले वाचली. निम्म्या घटकांचा उच्चारही करता येत नाही. ज्याची पडताळणी होत नाही ते अंगावर घेणार नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, सारेच लावतेत." सारेच करतात हा युक्तिवाद मी तीस वर्षे व्हाउचरवरही मान्य केलेला नाही.

घरीच करणार. मोबाईलवर कृती सापडली : तुरटी, गुलाबजल, कडुनिंबाचा काढा आणि कडक अल्कोहोल. शेवटचा घटक आक्षेपार्ह. चंद्रपूरला दारूच्या दुकानाच्या रांगेत उभा राहिलो तर कोळसा विभागातला पत्रू हमखास पाहणार. तो तिथे रोज असतो.

१२ एप्रिल

मेहुणे लटारूभाऊ मूल गावाहून आले. हे घेतात; सर्वज्ञात आहे. त्यांना मोहफुलांचा अर्क आणण्यास सांगितले. ते म्हणाले, "भाऊजी, तुमाले मोहाची पाहिजे? तुमाले?"

मी शांतपणे फरक स्पष्ट केला. जी प्यायली जाते ती दारू. जी प्यायली जात नाही ती दारू नव्हे, तो द्रावक होय. लटारूभाऊ पोट धरून हसले. शास्त्राची बैठक नसली की असे होते.

१५ एप्रिल

पाण्याच्या बाटलीतून अर्क प्राप्त. "पहिल्या धारेचा हाय, जपून," असे लटारूभाऊ बजावून गेले.

काच पुसण्याच्या औषधाची रिकामी स्प्रे-बाटली उकळून घेतली. मिश्रण भरले. लेबल : केवळ बाह्य उपयोगासाठी. दोन्ही काखांत प्रयोग. पूर्णतः गंधहीन! रंजीताला विचारले. ती पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. चूक कबूल करणे तिला जड जाते.

१७ एप्रिल

बसमध्ये लोक वळून पाहत होते. पत्रूने लांब श्वास घेतला, डोळे मिटले आणि माझ्याकडे पाहून हसला. आमच्या पदांमधील अंतर पाहता हे हसणे फार जवळिकीचे होते. उतरताना म्हणाला, "एक नंबर, साहेब."

याला फॉर्म्युला हवा आहे. सावध राहिले पाहिजे.

२२ एप्रिल

बाटलीतील पातळी उतरली आहे! मी एवढा वापर केलेला नाही. काल लटारूभाऊ येऊन गेले. बाटली कूलरजवळच्या खिडकीत होती, म्हणजे त्यांच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर.

रंजीता म्हणते, "उनानं उडून गेलं असन. पारा कुठी गेला पाहा तरी." भावाचा बचाव बहीण करणारच.

फोन लावला. लटारूभाऊ म्हणाले, "तुरटी घातलेली कोण पेईन जी? तोंड आकसून जाईन ना!"

इतके तयार उत्तर निर्दोष माणसाजवळ नसते. बाटली कपाटात, किल्ली करगोट्याला.

२६ एप्रिल

लटारूभाऊंनी साक्षगंधास येऊ नये, असे मी सुचवले. गोकुळाबाईंच्या अंगणात ह्यांच्या तोंडाचा वास आला तर सोयरीक मोडेल. रंजीताने ताट आपटले. "मामाशिवाय साक्षगंध? मंग मीबी येत नाई." दिव्यानी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी काही घोळ नको व्हायला." मुलगी माझ्यावर गेली आहे. तिलाही मामांचा संशय आहे.

तडजोड : लटारूभाऊ येतील, पण गाडीत चढण्यापूर्वी मी त्यांचे तोंड हुंगणार.

४ मे, पहाटे

आज दुहेरी मात्रा. काखा, मान, छाती. गळाभेटीत डोके खांद्यावर येते, म्हणून खांद्यांवरही.

लटारूभाऊंचे तोंड हुंगले. काही आढळले नाही. पण मोठे चलाख आहेत.

५ मे

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रमात माझी चूक कुठेही दिसत नाही.

वैनगंगेच्या पुलाशी पोलिसाने खिडकीतून डोके आत घातले आणि तेवढ्याच वेगाने बाहेर काढले. त्याने लटारूभाऊंकडे पाहिले. सहकार्य म्हणून मीही पाहिले. "साक्षगंधाचं ताट दिसून राह्यलं म्हणून सोडतो," म्हणाला.

अंगणात मंडप, कूलर, शे-दीडशे माणसे. व्याही डोमाजींनी मला कवेत घेतले, आणि गरम तवा लागावा तसे सोडले. त्यांनी पत्नीला डोळ्याने बोलावले. गोकुळाबाई आल्या. आधी लटारूभाऊंना हुंगले. मग मला. मग पुन्हा मला.

"काऊन जी, व्याहीबुवा? सकाळीच?"

मी स्पष्ट, मोठ्या आवाजात खुलासा केला : "मी पीत नाही. फक्त काखेत मारतो."

 मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं माय, आता काखेतूनबी पेतेत का?"

गोकुळाबाई म्हणाल्या, "खोकल्याचं औषध आयकलं, दाढेचं आयकलं, बैलाले चोळतो म्हणूनबी आयकलं. हा बहाणा नवा हाय."

लटारूभाऊ मधे पडले. "बाई, भाऊजी खरं सांगून राह्यले. मीच तं..."

"तूच तं काय? तूच आणून देतेस?"

ते खरेच होते, म्हणून लटारूभाऊ खाली बसले.

मग गोकुळाबाईंनी अट घातली. देवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घ्या, नाही तर अंगठी पोरीच्या बोटात जाणार नाही. ज्याने कधी घेतली नाही त्याने काय सोडायचे, हा मुद्दा मी मांडणार होतो. तितक्यात दिव्यानी म्हणाली, "बाबा." एवढेच.

मी नारळावर हात ठेवला. आजपासून दारूला स्पर्श करणार नाही. "तोंडानं आनं काखेनं," गोकुळाबाईंनी पुस्ती जोडली. तेही म्हटले. बायांनी टाळ्या वाजवल्या, मला कुंकू लावले, फोटो काढला. अंगठी दिव्यानीच्या बोटात गेली. डोमाजींनी पुन्हा गळाभेट घेतली. या वेळी श्वास रोखून.

परतीच्या वाटेवर लटारूभाऊ म्हणाले, "तीस वर्षं पेऊन राह्यलो, भाऊजी, माह्यासाठी कोणी नारळ नाई आणला. तुमी नुसत्या काखा भिजवूनच मान घेतला."

रंजीता इतकी हसली की गाडी थांबवावी लागली. दिव्यानीही. मी बाहेर पाहत होतो.

१२ मे

शपथ ही शपथ. स्प्रे मोरीत ओतला. पातळी जवळजवळ तळाला होती. बाटली तर कपाटात होती, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याजवळ. लटारूभाऊ त्यानंतर कपाटाजवळ फिरकलेही नाहीत. म्हणजे उन्हानेच.

बसमध्ये आज, एका वर्षानंतर प्रथमच, माझ्या शेजारी कोणी बसले. पत्रू. अगदी खेटून. हळूच म्हणाला, "साहेब, सोडली म्हणे? फोटो पाह्यलो ना ग्रुपवर. उरली असन तं फेकू नका, गरिबाले सांगा."

मी उत्तराची वाक्यरचना करीत होतो. पत्रूने नाक आक्रसले. खिडकी उघडली. मग उठून दांड्याला लोंबकळू लागला.

पत्रूलाही माझा दरारा वाटतो, असे दिसते.

संध्याकाळी दुकानातून डिओ आणला. लेबल वाचले नाही.