डिस्कचा बिल्ला

मंगळवार, सांजच्याला

नात वैशूनं पेनड्राइव्हवरून लॅपटॉपात लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकली. पेनड्राइव्ह काढला, तर कॉलेजचं सगळं काम ठेवलेला डिस्कवरचा कप्पा उघडंचना. म्हणली, "आज्जी, पुसून नव्यानं टाकते." म्हणलं, "पुसायला अक्कल लागत न्हाई. काय बदललं ते सांग." तिनं सांगितलं, मशीनच्या मोजणीत पेनड्राइव्ह पहिला होता, डिस्क दुसरी. तो निघाला अन् डिस्क पहिली झाली. मशीन तिला दुसऱ्याच जागेवर हुडकून राह्यली होती. म्हणलं, "गोठ्यातलं एक जनावर सोडलं की बाकीची सरकतात. जागा नगं, कानातला बिल्ला पाह्य. डिस्कला न्हाई का बिल्ला?"

होता, लांबलचक नंबराचा. डिस्क कुठं हुडकायची ते मशीन ज्या फायलीत वाचते, तिच्यात वैशूनं तो बिल्ला लिहिला, कप्पा उघडला. काम जागच्या जागी! मला कसं सुचलं? चौथी शिकलेली मी.

"आज्जी, आमच्या सरांनाबी सुचलं नसतं."

म्हणलं, "सरांनी म्हशी कुठं राखल्या?"