आवाज पोचणार नाही इतक्या लांब

ब्रॅडफर्ड,
रविवार

प्रिय क्रांती,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, नोकरी आहे, मोबाइलही चालू आहे. दर रविवारी फोनवर तोंड बघणाऱ्या थोरल्या जावेने तिकीट लावून कागद धाडावा म्हणजे आक्काचं डोकं फिरलं की काय, असंच तुला वाटेल. पोस्टमन दहिवडीहून गाडी मारत आला असेल आणि परदेशी पाकीट आलंय म्हणून निम्म्या वस्तीला सांगूनही गेला असेल. सांगू दे. नंदू अंगणवाडीत गेली की हे वाच, आणि मनातल्या मनात वाच. मामंजींना नंतर वाचून दाखवलंस तरी चालेल. नंदू घरात असताना मात्र नको.

तिच्याबद्दलच लिहायचं आहे, माझ्या पोरीबद्दल. गेल्या आठवड्यात मामंजींनी ज्ञानूभावजींच्या मोबाइलवरून मला गुपचूप फोन केला होता, हे तुला माहीत नसेल. आधी पाऊसपाणी झालं, मग मेंढरांचे पाय कसे सुजलेत ते झालं, आणि मग एकदम म्हणाले, "तुजा फोन यून गेला की पोरगी दोन दिस चारा सोडती बग." आपल्या नाथाजी मामंजींना माणसांचं बोलायचं तरी मेंढरांचेच शब्द लागतात. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर तिथेच बसून राहिले. तू मला एवढ्या दिवसांत एका शब्दाने कळू दिलं नाहीस. विचारलं की तुझं आपलं ठरलेलं, "आक्का, जेवली, झोपली, मजेत आहे." खोटं बोलायला तू कधी शिकलीस गं? लग्न होऊन आलीस तेव्हा आमटीत मीठ जास्त पडलं तरी तुझ्या तोंडावर दिसायचं.

आता मीही तुला खरं सांगते. तू विचारतेस ते गाव कसं आहे, आणि मी फोन फिरवून तुला कुणाच्या तरी अंगणातले गुलाब दाखवते. ते गुलाब समोरच्या घरातले आहेत. माझ्या खिडकीतून भिंत दिसते. गाव डोंगरउतारावर आहे, दगडी घरांच्या रांगा एकमेकींना चिकटून, आणि दगड मूळचा पिवळा असला तरी जुन्या धुराने काळा पडलेला. मधूनच एखादी उंच चिमणी उभी असते, धूर नसलेली. हे लोकरीचं गाव होतं, क्रांती. एके काळी जगभरची लोकर इथे येऊन धुतली, पिंजली, कातली, विणली जायची. मी हे पहिल्यांदा मामंजींना सांगितलं तेव्हा केवढे खूश झाले होते. "मग आपली का न्हाई न्हेत?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं, जशी काही मीच तिथली मुकादम. त्यांना काय सांगू? गिरण्या कधीच बंद पडल्या. काहींत आता लोकांचे फ्लॅट आहेत, काही जळल्या, आणि मी ज्या गिरणीवरून रोज बसने जाते तिच्या खिडक्यांतून झाडं बाहेर आली आहेत. इथल्या मेंढपाळांनाही कातरणी परवडत नाही, लोकर कुजवून टाकतात म्हणे. मागच्या कातरणीची आपली लोकर खोपटामागे पडली होती आणि कुत्री तिच्यावर झोपायची, आठवतंय ना? तसंच. एवढ्या लांब येऊन मी बघितलं काय, तर आपलंच खोपटामागचं.

कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथे आटा मिळतो. दुकानदार पाकिस्तानातल्या कुठल्याशा डोंगराळ भागातला, मला बाजी म्हणतो, आमचं हिंदीत भागतं. त्याचे वडील गिरणीत रात्रपाळी करायला आले होते, दोनच वर्षांसाठी. गिरणी बंद पडली तरी ते राहिले आणि आता इथल्याच कबरस्तानात आहेत, हे त्याने मला सुटे पैसे परत देता देता सांगितलं. मी बरं म्हणाले आणि कोथिंबीर घेऊन घरी आले.

घोंगड्याचं विचारलं होतंस. लग्नात मामंजींनी आमच्या अंगावर घातलेलं काळं घोंगडं मी बॅगेत कोंबून आणलं तेव्हा तू हसली होतीस, की तिथं हीटर असतात आक्का. हीटर असतात, लावायला जीव होत नाही. घोंगडं चांगलं चाललं होतं, पण इथे ऊन नाही, त्याला दमट वास यायला लागला. माझ्यासोबत केरळच्या दोघी राहतात, गुणी पोरी आहेत, त्यातल्या धाकटीने माझ्यावर माया म्हणून मी कामावर असताना ते मशीनमध्ये गरम पाण्यात धुतलं आणि वाळवायच्या मशीनमध्येही घातलं. बाहेर निघालं ते पायपुसण्याएवढं, आणि पत्र्यासारखं ताठ. तिला बिचारीला काय माहीत. मी ओढून बघितलं, पाण्यात भिजवून बघितलं, त्याच्यावर उभीसुद्धा राहिले. आवळलेली लोकर परत सैल होत नाही, हे मामंजींच्या घरात नांदून मला ठाऊक होतं, तरी बघितलं. आता त्याच्यावर बसून जेवते.

काम म्हणशील तर घरोघर म्हाताऱ्यांकडे जायचं. नर्स म्हणून शिकले, साताऱ्यात ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिले, आणि इथे बसने या घरातून त्या घरात पळते. एकाला आंघोळ, एकीला गोळ्या, एकाला सूप, आणि दाराशी चप्पल घालता घालता बाय बाय. माणसांशी बोलायला वेळ धरलेलाच नसतो. त्यातले एक हॅरल्ड आजोबा. आयुष्यभर गिरणीत लोकर निवडायचं काम केलं, आणि त्याआधी लहानपण मेंढरांत गेलं. मुलगा ऑस्ट्रेलियाला. बोलणं अर्धं कळतं अर्धं नाही, पण मेंढरांचं बोलायला लागलो की आमच्या दोघांचंही इंग्रजी सुधारतं. त्यांनी मला एकदा विचारलं, की कोकरू पोरकं झालं तर तुमच्याकडे काय करतात? त्यांच्याकडे म्हणे जिचं पिलू मेलंय अशी मेंढी बघतात आणि त्या मेलेल्या पिलाचं कातडं या पोरक्याच्या अंगावर चढवतात. वास ओळखीचा आला की ती पाजते. मी म्हटलं, आमचे मामंजी असलं करत नाहीत, ते दुसऱ्या मेंढीचं दूध कोकराच्या अंगाला चोळतात आणि दोघांना वाघरीच्या जाळीत कोंडतात. आजोबांनी विचारलं, की आणि पहिली आई जिवंत असली तर? तेवढ्यात माझी वेळ संपली. बस चुकली असती.

मी घरी का येत नाही, हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून तुझे उपकार. बाकी सगळे विचारतात. सिद्धूंचं तुला माहीतच आहे. (पत्रात नवऱ्याचं नाव घेतेय, आत्याबाईंना सांगू नकोस.) साताऱ्यातल्या त्या खोलीतून दवाखाना आणि दवाखान्यातून खोली, दिवसाआड. मशीनवर रक्त धुतलं नाही तर ते आठवडा काढणार नाहीत, हे मला नर्स म्हणून कळतं आणि बायको म्हणून कळून घ्यायचं नसतं. भावजींची किडनी जुळली नाही, माझी जुळली नाही. तिथल्या पगारात हे भागत नव्हतं म्हणून मी आले, आणि इथल्या पगारात ते जिवंत आहेत. मी परतले तर ते जातात. आणि नंदूला इकडे आणावं, तर माझे कागद चालू असतानाच नियम आला, की या कामाला येणाऱ्यांनी मुलं आणायची नाहीत. एजंट म्हणाला होता, सरकार बदललं की नियम बदलेल. सरकार बदललं, नियम तसाच राहिला. कायम राहण्याची मुदतही आणखी लांबवणार म्हणतात, तोवर मी या कंपनीच्या दावणीला. मी हिशोब करणं सोडून दिलंय. कसाही केला तरी आमची गाठ पडेपर्यंत नंदूच्या अंगावर साडी येते.

आणि मागचा रविवार. तू चुलीपाशी होतीस, फोन मामंजींच्या हातात होता, त्यामुळे मला निम्मं आढं आणि निम्मी नंदू दिसत होती. तिला तहान लागली आणि तिने मागे वळून हाक मारली, "आई, पानी दे की." मी इकडून ओ दिली. अगदी सवयीने दिली गं. आणि तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती तुझ्याकडे बघत होती. तू धावत आलीस आणि तिच्या दंडाला चिमटा काढलास, "काकी म्हन! आई ती हाय, ती बग!" असं म्हणून फोनकडे बोट केलंस. ती रडायला लागली. तुला वाटलं चिमट्यामुळे. ती फोनकडे बघून रडत होती, क्रांती. माझ्याकडे बघून.

तिने पांघरलेली वाकळ मी ओळखली. श्रावणात गेलेल्या तुझ्या बाळासाठी तू शिवली होतीस ती. हिरव्या काठाची. आत्याबाईंनी कुणाला तरी देऊन टाका म्हटल्यावर तू पेटीवर बसून राहिली होतीस, कुणाला हात लावू दिला नव्हतास. ती तू कधी काढलीस, का काढलीस, मी विचारत नाही. मी फक्त बघितलं की तिच्या कडेला नंदूने चघळून भोक पाडलंय, म्हणजे ती रोज पांघरते.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी, तू घरात यायच्या आधी, मी हौसेने मेंढरांबरोबर उंब्रजकडे गेले होते. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवली होती. एका मेंढीची कास बिघडली, दूध आटलं, आणि तिचं कोकरू उपाशी मरायला लागलं. दुसऱ्या एकीचं पिलू त्याच सकाळी मेलं होतं. मामंजींनी कोकरू तिला लावलं, दूध चोळलं, वाघरीत कोंडलं, सगळं केलं. पण पहिली तिकडून ओरडली की हे सडावरून तोंड काढायचं आणि तिच्याकडे पळायचं, जाळीला धडका द्यायचं. तिच्याकडे तर दूध नाही. ती आपली ओरडतेय मायेने, आणि हे त्या मायेने मरतंय. मामंजींनी भावजींना हाक मारली आणि पहिलीला नदीपल्याड पावण्यांच्या कळपात सोडून यायला सांगितलं. मी नवी नवरी, पदर खोचून भांडले त्यांच्याशी, की तुम्हाला काळीज आहे का. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आईचा आवाज कानावर पडतोय तवर ह्ये दुसरीच्या कासंला लागायचं न्हाई, पोरी." दुसऱ्या दिवशी कोकरू शेपूट हलवत दूध पीत होतं. मी हट्टाने नदीपल्याड बघायला गेले. पहिली ओरडून ओरडून घसा बसलेली, तोंड उघडायची पण आवाज यायचा नाही. मग तीही चरायला लागली. मामंजींनी परवा 'चारा सोडती' म्हटलं तेव्हा त्यांना ही गोष्ट आठवत होती की नाही, मला माहीत नाही. मला आठवली.

म्हणून फोन नाही, पत्र. हे बोलायला फोन केला असता तर तो तिने ऐकला असता. आजपासून मी घरी फोन करणार नाही. सिद्धूंशी साताऱ्याला बोलत जाईन, तुला काही लागलं तर लिहून पाठव, पण मला तिचा फोटो पाठवू नकोस आणि तिला माझा दाखवू नकोस. पहिले काही रविवार ती ठरल्या वेळेला फोनपाशी जाईल. तेव्हा तिला मेंढरांत ने, पाण्यावर ने, कुठेही ने. ती तुला आई म्हणाली की ओ दे. चिमटा काढू नकोस, गं. तुझ्याकडून काही हिसकावलं गेलं होतं, म्हणून मी हे देतेय असंही समजू नकोस, मी एवढी मोठी नाही. माझ्याकडे तिला द्यायला काही उरलं नाही आणि तुझ्याकडे आहे, एवढंच. मी फोनवरून तिला हाक मारत राहिले तर ती ना तुझी होईल ना माझी. मोठी झाल्यावर तिला सांग, तुला एक थोरली आई आहे. आणि त्याआधीच तिने विचारलं कुठं गेली, तर सांग, मेंढरं घेऊन लांब गेलीय. ते तिला कळेल, आपल्यातली माणसं जातातच. पण पाऊस लागला की ती सगळी परत येतात हेही तिला माहीत आहे. तिने ते विचारलं तर काही बोलू नकोस.

तुझीच,
प्रांजल