काकांच्या नावावर बाबांची डबी

तीर्थरूप मोठ्या काकांना धाकट्या पुतणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची खुशाली मात्र कळवू नका, कारण तुमच्या तोंडून आलेल्या खुशालीवर माझा विश्वास उरलेला नाही. काकूने फोनवर सांगितलं की मध्यंतरी तुम्हाला दोनदा लाल लघवी झाली आणि तुम्ही ते बिटावर ढकललंत. काका, तुम्ही बीट खात नाही. ताटात आलं तर वाटीखाली लपवता (हे सगळ्या घराला माहीत आहे, तुम्हीच काय ते अंधारात आहात). दुखलं नाही आणि आपोआप थांबलं, म्हणजे बरं झालं, असं तुमचं म्हणणं. मी काम करते त्या प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या कर्करोगावरच संशोधन चालतं, आणि तिथे न दुखता येणाऱ्या, आपोआप थांबणाऱ्या रक्ताचाच आधी संशय घेतात. मला तर तुमचा संशय त्याआधीपासूनच होता. तो कसा, ते सांगते.

मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी लघवीतून गळून येतात. त्या बघून रोग लवकर ओळखता येईल का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी आजारी माणसांच्या लघवीशी ताडून पाहायला निरोगी माणसांचीही लागते आणि ती द्यायला कोणी तयार नसतं. (लोक रक्त देतात, मेल्यावर डोळे देतात, लघवी मागितली की त्यांना घरी महत्त्वाचं काम निघतं.) तेव्हा तुम्हीच छाती काढून म्हणालात, "माझी घे. घोड्यासारखा आहे मी!" दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन डब्या आणून दिल्या, एक त्यांची, एक तुमची. दोन्ही सारख्याच पिवळ्याधमक. आता बाबा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, त्यांचा तो रंग समजू शकतो. पण तुम्ही? तुम्ही तर डोकेदुखीची गोळीसुद्धा कुंडीत पुरणारे.

आधी मी प्रयोगशाळेतल्या मदतनीसावर संशय घेतला, की त्यानेच एका डबीतलं दोन्हींत ओतलं असेल. तो इतका दुखावला की त्याने मला चहाला बोलावणं सोडलं. मग फ्रिजवर संशय गेला. बंद डबीतला रंग शेजारच्या डबीत जात नाही हे शिकलेली असूनही मी सगळी झाकणं पिळून पाहिली. मग स्वतःवरच. अशा मनःस्थितीत असताना काकूचा तो फोन आला, आणि मी सरळ बाबांना धरलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते उलटं होतं. "दादा म्हणाला, दोन्ही तूच भर. दादाला नाही कसं म्हणायचं?" आणि वर, "एकाच आईबापाची लेकरं आम्ही. आतून वेगळे कसे असणार?"

मी रडकुंडीला येऊन प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही डब्या अभ्यासातून काढून टाकल्या आणि एवढंच विचारलं, "तुमच्या घरात सही तरी ज्याची तोच करतो ना?" मी खात्रीने हो म्हणू शकले नाही.

आणि आता कळतं की तुम्ही काकूला सांगत सुटला आहात, पोरीच्या प्रयोगशाळेत माझं सगळं स्वच्छ निघालं! काका, स्वच्छ निघाले ते बाबा. तुमचं अजून कोणी पाहिलेलंच नाही. शिवाय तुम्ही रोज गच्चीवर झाडांना पाणी घालायला जाता; झाडं वाळली आहेत आणि तुमच्या शर्टाला सिगरेटचा वास येतो. तो धूर छातीतच राहतो असं समजू नका. त्यातलं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि मूत्राशयात ठाण मांडून बसतं. मी घाबरवत नाही. खडा असेल, जंतू असतील, काहीच नसेल. पण ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि भावाचं बघून तर मुळीच कळत नाही.

काकूला नमस्कार. लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याबद्दल रागवा, पण ते समोर भेटून.

तुमचीच,
संशयी पुतणी

ता. क. भेटायचं शुक्रवारी सकाळी. मूत्ररोगाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भाग बधिर करून बारीक दुर्बिणीने आत बघतात. काही असलंच आणि लवकर सापडलं, तर पुष्कळदा आतूनच खरवडून काढता येतं. मी रिक्षा घेऊन दारात येईन. काकू माझ्या बाजूने आहे, मागच्या दाराला कुलूप असेल.

ता. क. दुसरा. बाबा आत्ता येऊन विचारून गेले, दुर्बिणीला दादाऐवजी मी गेलो तर चालेल का? मी नाही म्हटलं. मग म्हणाले, निदान उपाशी राहायचं असेल तर ते तरी मी राहतो. मी म्हटलं, बाबा, या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, आणि ती शुक्रवारी आहे, आज नाही. "बरं" म्हणाले. तरी सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही.