कॉम्प्युटर बंद पडायच्या वेळा

३ नोव्हेंबर, सोमवार
सयाजी म्हणाला, मावशी, कधी कधी बंद पडतो ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, त्याबिगर रोग कळायचा न्हाई. सयाजी नारायणगावचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, कॉम्प्युटरही बघतो. म्हणून खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी काढली. चौथीनंतर आजच एवढं लिहितेय. बोटं दुखली.
कॉम्प्युटर सुनेचा, अश्विनीचा. पुण्याहून सुटे भाग आणून तिनं स्वतःच्या हातानं जोडला. त्यावर लग्नपत्रिका करायची, वाढदिवसाचे बॅनर करायची. दसऱ्यापासून मधेच बंद पडायला लागला. केलेलं काम पुसून जायचं. भाऊबीज झाली आणि ती, माझा मुलगा भरत आणि नात अक्षदा मंचरला खोली घेऊन राहिले. जाताना ती म्हणाली, आई, कॉम्प्युटर नीट झाला की येते.
आठ दिवसांत नीट करते. त्यात काय एवढं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी ९.१० बंद. ९.४० बंद. ११ ला बंद. मग तीन वाजेपर्यंत चालला. जिंकले म्हणून चहाला उठले, तर बंद.
मला चालवता येत नाही. चालू करून नुसती समोर बसते. अक्षदाचा फोटो येतो, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचा. मग पडदा निळा होतो आणि त्यावर रडकं तोंड येतं. रडायला काय झालं मेल्याला. मी बसलेय ना इथं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
रोग सापडला. विहिरीवरची मोटार चालू झाली की घरातला दिवा बारीक होतो. कॉम्प्युटरला तेच सोसत नसणार. आता मोटार बंद ठेवायची. अश्विनी एवढी शिकलेली, पण हे तिला सुचलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
मोटार दोन दिवस बंद. कांद्याचं रोप माना टाकून बसलं. कॉम्प्युटर काल चार वेळा बंद, आज सहा वेळा. मोटार चालू केली.

९ नोव्हेंबर, रविवार
मीठ-मिरची ओवाळून टाकली. माझी जाऊ रत्ना हिची नजर वाईट. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी म्हणाली होती, वैनी, सून लई हुशार मिळाली तुमाला.
ओवाळल्यावर वीस मिनिटं चालला. म्हणजे फरक आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
फोन केला. अश्विनीला म्हणलं, काम चालू आहे, तू काळजी करू नको. ती म्हणाली, राहू द्या आई, घाई न्हाई. माझ्या जिवाला त्रास नको म्हणून म्हणते. गुणाची आहे.
तिथं मैत्रिणीच्या दुकानात बसून पत्रिका करते. अक्षदाचं नाव बालवाडीत घातलंय. निळा फ्रॉक शिवला. मी म्हणलं, बरं झालं, तो इथल्या बालवाडीतही चालेल. तेवढ्यात फोन कट झाला. रेंज जाते मंचरला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज ५ वेळा. आठ दिवस होऊन गेले. रविवारपर्यंत करते.
रत्ना आली होती. कॉम्प्युटरपुढं मला बसलेली बघून हसली. मग म्हणाली, वैनी, खरं सांगू का? पोरगी कॉम्प्युटरपायी न्हाई गेली. तुमच्या तोंडापायी गेली. माझ्या दारात, चार बायांत तुमी तिला काय बोलला, आठवतंय का?
आठवतंय की. मी एवढंच म्हणलं होतं, दोन बांगड्या मोडल्या आणि पत्र्याचा डबा आणला. खोटं काय त्यात? बांगड्या मोडल्याच होत्या. आणि भाकरी करपली तेव्हा म्हणलं होतं, ही काय डब्यावर भाजलीस का? ते तर गमतीनं. ती हसली पण होती. निदान मान खाली घातली होती.
रत्नाला म्हणलं, तुझी सून तर नांदायलाही आली नाही, तू मला शिकव. ती उठून गेली. चहा तसाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ठरवलं. अश्विनी आली की कुणाला वेडंवाकडं बोलायचं नाही. तोंडात सुपारी धरायची.
दुपारी भरतचा फोन. म्हणाला, आई, जेवलीस का? म्हणलं, बायकोनं विचारायला सांगितलं, का तुला स्वतःला सुचलं? त्यानं ठेवला. पण अश्विनी आलेली नाही अजून. तेव्हा ते धरायचं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सयाजी आला. वही दाखवली. सगळ्या वेळा वाचल्या, म्हणाला, मावशी, एवढं कुणी गिऱ्हाईक लिहीत न्हाई. मग झाकण उघडलं. आत दोन हिरव्या पट्ट्या आहेत, त्यांवर कॉम्प्युटरची आठवण राहते म्हणे. एक काढून चालवला. बंद. ती बसवून दुसरी काढली. तासभर चालला. मग बॅटरी लावून त्या खाचेत बघितलं आणि खो खो हसत सुटला. मावशी, ह्या पट्टीचं लगीन लावलं का काय तुमी?
खाचेत कुंकू.
आता दसऱ्याला मी ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, विळ्याला लावलं. ह्यालाच उपाशी ठेवायचं का? अश्विनीला बाहेरून लावलेलं आवडत नाही, लगेच पुसते. त्या दिवशी धूळ काढायला झाकण उघडं टाकून ती आंघोळीला गेली. मी ओल्या कुंकवाचं बोट आतच टेकवलं. कुणाला दिसणार नाही असं. तिच्या कामाला यश यावं म्हणून.
सयाजी म्हणाला, वल्लं व्हतं ना, तिथंच गंजलं.
दसऱ्यापासूनच बंद पडायला लागला हे खरं. पण देवाच्या कुंकवानं कधी काही बिघडत नाही. पट्ट्याच जुन्या असणार.
त्यानं खाच ब्रशनं साफ केली, पट्टीची पिवळी टोकं खोडरबरानं घासली. पट्टी कशी काढायची तेही दाखवलं. दोन्ही कडेच्या खिट्ट्या दाबायच्या, की आपोआप वर येते. आता चालू आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
एकदाही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
एकदाही नाही. दिवसभर अक्षदा पायऱ्यांवर उभी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
एकदाही नाही. फोन केला. म्हणलं, नीट झाला. परत म्हणलं, नीट झाला, तीन दिवसांत एकदाही बंद नाही, ये आता. मग अश्विनी म्हणाली, काय झालं व्हतं हो आई? म्हणलं, तू जुन्या पट्ट्या आणल्या होत्यास, त्याचा दोष. ती म्हणाली, हो आई, माझंच चुकलं.
कबूल केलं पोरीनं. मन मोठं आहे.
म्हणाली, रविवारी ह्यांना पाठवते.
ह्यांना म्हणजे भरतला. म्हणजे आधी सामान येणार, मागनं ती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
त्यांची खोली झाडली, सारवल्यागत पुसली. मासवडीची तयारी केली. अश्विनीला माझ्या हातची आवडते. लग्न होऊन नवीन असताना दोनदा मागून घेतली होती. तेव्हा मी म्हणलं होतं, माहेरी खायला मिळत नव्हतं का? उद्या ते बोलायचं नाही. ताटात गुपचूप वाढायची.

२३ नोव्हेंबर, रविवार
भरत टेम्पो घेऊन आला. दहाला. एकटा. टेम्पो रिकामा.
मी म्हणलं, सामान कुठंय? तो म्हणाला, कसलं सामान? कॉम्प्युटर न्यायला आलोय. तूच म्हणालीस ना नीट झाला. लग्नसराई आहे, लोकाच्या दुकानात किती दिवस बसायचं तिनं.
मी म्हणलं, येते म्हणाली होती. तो टेम्पोकडं बघत म्हणाला, आई, जाताना मानूस तसंच म्हणतं.
तो चहा घेऊन ओट्यावर गेला. मी आत कॉम्प्युटरपाशी. झाकणावर हात ठेवला. खिट्ट्या दाबल्या की पट्टी वर येते. दोन्ही पट्ट्या पदरात घेतल्या असत्या तर कॉम्प्युटर परत इथंच आणावा लागला असता. कुणाला कळलं नसतं.
नाही काढल्या. तिच्या पत्रिका अडल्या असत्या.
गोधडीत गुंडाळून दिला. भरतला सांगितलं, अश्विनीला म्हणावं, पट्ट्या चांगल्या होत्या, कुंकू मी लावलं होतं. तो म्हणाला, कसलं कुंकू? म्हणलं, तिला कळेल, तू नुसतं सांग.
जेवायला थांबला नाही, टेम्पो भाड्याचा. मासवडी डब्यात दिली. गाडीत बसताना म्हणाला, तू पण चल की चार दिवस. मी म्हणलं, कांद्याची लागण कोण करणार, तुझा बाप? तो बरं म्हणाला.
दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गेले असते. रस्त्यापर्यंत मागं चालत गेले. थांब म्हणलं. पण टेम्पोचा आवाज लई मोठा असतो.