गोणपाटाची खोली

पाली,
ता. ७ नोव्हेंबर १९८५

ती. शिवादादास,
राहीचा शि. सा. न. वि. वि.

आत्याला रत्नागिरीला दाखवून आणलं. बातमी चांगली नाही, म्हणून आधी तीच लिहिते. घशात आवाजाच्या पेटीवर गाठ आहे. ती मुंबईलाच काढावी लागेल, आणि काढल्यावर आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याच ओळखीने तिकडची वीस जानेवारीची तारीख मिळाली आहे. आत्या सगळं ऐकून डॉक्टरांनाच म्हणाली की जीव राहतोय ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात. पण एस.टी. स्टँडवर तिने चहा घेतला नाही. चिमाआत्या चहाला नको म्हणाली म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

दादा, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी टेपवर घेणार आहे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. तिचा आवाज मला आठवत नाही, कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. आत्याचं तसं मी होऊ देणार नाही, मग काय वाटेल ते होवो.

माझ्या शाळेतल्या नसीमाने तिच्या भावाने दुबईहून आणलेला टेप दिला आहे. पडवीत बसलो तर कोंबड्या, कावळे आणि आंबा घाटाकडे निघालेले ट्रक, एवढंच भरलं. म्हणून तू हौसेने बांधलेल्या चिऱ्याच्या खोलीत बसलो. सिमेंटचा तो तुझा गुळगुळीत गिलावा! आतमध्ये आत्या विहिरीतून ओरडल्यासारखी वाटते, एक शब्द कळेल तर शपथ. तू स्टुडिओत एवढी वर्षं वायरी ओढतोस, तिथे भिंतींना काय लावतात ते लिही. इथे मिळेल असंच सांग.

आत्या शेजारी बसून म्हणते आहे, शिवाला लिही की मच्छी खा, वाळलास. तीन वर्षं माझ्या प्रौढ वर्गाला येते आणि सहीच्या पुढे सरकत नाही. ‘मी सांगते, तू लिही, तुला शिकवली ती कशाला,’ असं वर मलाच ऐकवते.

तुझा लोभ आहेच, तो या पत्राच्या उत्तरात लवकर दिसू दे.
तुझी,
राही

मुंबई,
ता. १५ नोव्हेंबर १९८५

चि. राहीस,
शिवाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. रजेचं मी बघतो. तू ओव्यांचं बघ, आणि माझ्या गिलाव्याला नावं ठेवू नकोस.

आवाज म्हणजे रबरी चेंडू समज. कठीण भिंतीवर आपटला की उलट येतो. गवताच्या उडवीत मारला तर तिथेच राहतो. आम्ही स्टुडिओत काचेच्या लोकरीच्या चौकटी लावतो. ती लोकर तुला मिळायची नाही, पण माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या आहेत ना? त्या उकल आणि कमरेइतक्या उंच, चार बोटं खोल अशा चौकटी ठोक. आत नारळाची सोडणं ठेचून काथ्या भर. पेंढा भरलास तर आधी कडक वाळव, नाहीतर आत्यापेक्षा किडेच जास्त गातील. पुढून जुनं गोणपाट ताणून बसव. चौकट भिंतीला चिकटवू नकोस, मागे वीतभर जागा ठेव. कोपरे सोडू नकोस, आवाज तिथेच दडून बसतो. वर छताखाली गोधड्या बांध. टेप घडी केलेल्या घोंगडीवर ठेव.

आठ तरी चौकटी लागतील. हातोडा बोटावर मारून घेऊ नकोस.

आत्याला साष्टांग नमस्कार सांग आणि मी मच्छी खातो म्हणून सांग. माया आहे तशीच ठेवा.
शिवा

पाली,
ता. ६ डिसेंबर १९८५

ती. शिवादादास,
शि. सा. न. वि. वि.

आठ चौकटी झाल्या! हातोडा बोटावर दोनदाच बसला. काशीराम सुताराने तो उसना दिला आणि वर विचारलं, मास्तरीणबाई, खोलीला गोधडी शिवताय काय? हसू दे मेल्याला. शाळेतून आल्यावर रोज सोडणं ठेचायला बसत होते. नसीमापण यायची. हाताची सालं निघाली आहेत.

आत्या आधी नुसती बघत होती. मग तिला राहवेना. भोकाभोकाचं गोणपाट घरात दिसणं तिला शोभेना. मी शाळेत असताना तिने आठही चौकटी शेण-मातीने छान सारवल्या, कुडाची भिंत सारवतात तशा, वर चुन्याची बोटंसुद्धा उठवली. मला तर बघून भरूनच आलं. दुखत्या घशाने एवढं केलं रे तिने. सुकायला चार दिवस गेले, मग लावल्या.

पण दादा, खोली घुमते ती घुमतेच! तू सांगितलंस ते एकूण एक केलं. काय चुकलं? आता सहा आठवडेच उरले आहेत, आणि तिचा आवाज संध्याकाळनंतर बसायला लागला आहे. उलट टपाली लिही.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
राही

मुंबई,
ता. १२ डिसेंबर १९८५

चि. राहीस,
अनेक आशीर्वाद.

अगं बये, तुम्ही दोघींनी मिळून नवीन भिंत बांधलीत! गोणपाटाला भोकं आहेत म्हणून तर ते लावायचं. आवाज त्या भोकांतून आत जातो आणि काथ्यात अडकतो. सारवल्यावर तो जाणार कुठून? आमच्या साहेबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, त्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

आत्याला रागावू नकोस. गोणपाट काढून टाक, नवं लाव, आणि त्याला तिचा हात लागू देऊ नकोस. टाळी वाजवून बघ. टाळीमागून काही आलं नाही म्हणजे खोली तयार.

तुम्ही दोघी जिंकणारच, मला ठाऊक आहे. मनात मला ठेवा.
शिवा

पाली,
ता. ३ जानेवारी १९८६

ती. शिवादादास,
शि. सा. न. वि. वि.

झालं! बाजारातल्या वाण्याकडून तांदळाची रिकामी गोणपाटं आणली आणि सगळं पुन्हा ठोकलं. चुन्याची बोटं काढताना जीवावर आलं. आत्या दारात उभी राहून म्हणाली, काढ काढ, शिवाला नागडी भिंत आवडते. टाळी वाजवली तर टाळीच्या मागून काही येत नाही.

तरी आत्या अडून बसली. या खोलीत आवाज तोंडातून पडतो आणि पायाशीच बसतो, असं तिचं म्हणणं. शिवाय हात रिकामा असला की तिला ओवी सुचत नाही. खुंटा हातात हवाच. जातं आणलं तर त्याची घरघर टेपमध्ये भरते. मग मी गोणपाटाचाच गोल कापून तळीवर ठेवला आणि वरची पाळी बसवली. जातं जड फिरतं, पण घरघरत नाही. आत्या हसली आणि म्हणाली, काय पोर आहे, बिनपिठाचं दळायला लावते! आणि बसली.

सकाळी आवाज मोकळा असतो तेव्हाच घेतलं. नऊ दिवसांत दोन कॅसेटा भरल्या. त्या मुंबईला निघालेल्या सावर्ड्याच्या दादूबरोबर पाठवते आहे. ऐकून लिही, मला धीर नाही.

तुझ्या मायेची धाकटी,
राही

मुंबई,
ता. ९ जानेवारी १९८६

चि. राहीस,
अनेक आशीर्वाद.

कॅसेटा ऐकल्या. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रावर लावल्या तेव्हा साहेब उठून उभे राहिले. तुझी खोली आमच्या खोलीच्या तोंडात मारेल.

पण एक भानगड आहे. आत्या एक ओळ म्हणते आणि मग तेवढाच वेळ काहीच नाही. ‘दारीच्या फणसाला फळं लागली बुंध्यापाशी’ म्हणाली आणि गप्प. मग पुढची ओवी, पुन्हा एकच ओळ, पुन्हा गप्प. प्रत्येक ओवी अर्धी आहे. घसा दुखत होता का? की तू मध्ये बटण दाबलंस? काथ्या ओळी खात नाही गं. अजून दहा दिवस आहेत. पुन्हा घे, पण पुरं घे.

गडबडीत लिहितो आहे, राग मानू नकोस.
शिवा

पाली,
ता. १४ जानेवारी १९८६

ती. शिवादादास,
शि. सा. न. वि. वि.

मी बटण दाबलं नव्हतं. मला वाटलं होतं ती दम घेते.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर आत्या चिडली. म्हणाली, त्या शहाण्याला सांग, जात्याला दोघी लागतात. एक ओळ टाकते, समोरची झेलते. माझ्यासमोर तुझी आई बसायची, त्या ओळी सखूवहिनीच्या. तिच्या जागी मी कशी म्हणू? पंधरा वर्षं मी एकटी दळते, तेव्हासुद्धा तिची ओळ सोडूनच पुढे जाते.

दादा, म्हणजे त्या गप्प जागेत आई आहे. मी वाचून दाखवता दाखवता रडले. मग हात जोडले, पाया पडले, की निदान शब्द तरी सांग. ती सांगत नाही. समोरचीची ओळ आपल्या तोंडात घ्यायची नाही, असा त्यांचा नेम आहे. तो ती मोडत नाही, आणि मी रोज विचारायची थांबत नाही. तुला आईच्या ओळी आठवतात का? तू मोठा होतास. सतराला निघतो आहोत.

राही

मुंबई,
ता. २६ फेब्रुवारी १९८६

चि. राहीस,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेसाठी परत गेल्यापासून इकडचं लिहिलं नाही, कारण बरं लिहिण्यासारखं नव्हतं. आत्याची जखम भरली, गाठ परत यायची नाही म्हणतात. पण महिन्याची बोलायची बंदी संपली आणि तोंड उघडलं तर नुसता वारा. आवाज गेला, राही. ती रडली नाही, मी रडलो.

बंदीच्या महिन्यात मी पाटी आणून दिली होती. पहिले दोन दिवस फेकून दिली. मग नर्सला लिहून दाखवलं, ‘पेजेत मिठ नाय’. त्यानंतर काही विचारू नकोस, अख्ख्या वॉर्डाशी ती पाटीवर भांडते. तीन वर्षांत तुला जमलं नाही ते एका पेजेने केलं.

टेप ऐकवला. गप्प जागा आली की तिचा हात चादरीवर गोल फिरायचा. मला आई जात्यावर बसलेली दिसते, आवाजही कानात आहे, पण शब्द येत नाहीत. फणसाच्या ओवीची दुसरी ओळ विचारली, तर आत्याने पाटी उलटी ठेवली.

परवाच्या गाडीने तिला घेऊन येतो. घरी तिला एकटं वाटू देऊ नकोस.
शिवा

पाली,
३० मार्च ८६

चि. शिवास चिमाआत्याचा आशीर्वाद.

हे पत्र राहीनं लिवलेलं नाय, मी लिवलंय. चार दिवस लागले. चुका काढशील तर बघ.

तू गेलास आनि दुसऱ्या दिवशी ही पोर खोलीत टेप लावून जात्यावर बसली. एकटीच. माझी ओळ झाली की गप्प जागेत नुसती ऊं ऊं करायची, शब्द नायत म्हनून. रोज सकाळी. सात दिवस मी दारातून बघितलं. आठव्या दिवशी मला राहवेना. समोर जाऊन बसले आनि खुंटा धरला. लय दिवसांनी समोर कोनतरी व्हतं.

तुझ्यासमोर पाटी उलटी ठेवली ती रागानं नाय. वहिनीची ओळ मी म्हनायची नाय, हे खरं. पन तिच्या लेकीनं म्हनायची नाय असं कुठं हाय? लेक जात्यासमोर बसेल तेव्हाच ओळ द्यायची, मुंबईच्या खाटेवर नाय. आता मी पाटीवर लिवते, ती म्हनते. चुकली की हातावर मारते. सूर वाकडा हाय, वहिनीचापन वाकडाच व्हता. अगदी तसाच.

पूर्वी मी सांगायची आनि ही लिवायची. आता उलटं झालंय. खोलीतली गोनपाटं काढायची नायत, अजून शंभरएक ओव्या हायत. कॅसेटा चार पाठव.

आनि तू विचारलं व्हतंस ती ओळ आज राहीनं टेपात भरली. तुला खाली लिवून देते, पाठ कर.

दारीच्या फणसाला फळं लागली बुंध्यापाशी
लेकरू गेलं परगावा, माय उभी उंबऱ्यापाशी

मच्छी खा.
चिमा